डासांमधील ‘उड्या मारणारी जनुके’ माणसात शिरतात का?

डेंग्यूचे दिवस आले की एक संदेश हमखास फिरू लागतो. प्रयोगशाळेतल्या डासांत ‘उड्या मारणारी जनुके’ घातलेली असतात, निसर्गातल्या डासांत ती नसतात, आणि असा डास चावला की ती माणसाच्या डीएनएत शिरतात, असे त्यात ठामपणे लिहिलेले असते.

निसर्गातल्या डासांत ती नसतात हे तर सरळच चूक आहे. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती या डासाचा जीनोम, म्हणजे त्याचा संपूर्ण डीएनए, २००७ साली वाचून प्रसिद्ध झाला, तेव्हाच त्याचा सुमारे ४७ टक्के भाग अशा उड्या मारणाऱ्या जनुकांनी, म्हणजेच चल घटकांनी, व्यापलेला आढळला होता. माणसाच्या जीनोममध्येही त्यांचे प्रमाण जवळपास तेवढेच आहे.

खरा घोटाळा ‘उडी’ या शब्दाने केला आहे. हा घटक पेशीतल्या पेशीत, डीएनएवरची आपली जागा बदलतो, आणि त्यासाठी त्याला विकर लागते; पुढे ज्यांचा उल्लेख येतो त्या घटकांत ते ट्रान्सपोझेज असते. जालना जिल्ह्यातील दावलवाडीला २०१७ साली ज्यांच्या पिंजऱ्यातील चाचण्या सुरू झाल्या, त्या ऑक्सिटेक या ब्रिटिश कंपनीच्या डासांत नवे जनुक बसवण्यासाठी पिगीबॅक हा मूळचा एका पतंगातला चल घटक वापरला होता. एडिसचे अंडे घातल्यावर पांढरट असते आणि थोड्याच वेळात काळे व टणक होते. ते मऊ आहे तोवरच अतिसूक्ष्म सुईने त्याच्या एका टोकाशी डीएनए सोडावा लागतो. ट्रान्सपोझेजचे जनुक त्या वेळी वेगळ्या तुकड्यावरून, तेवढ्यापुरते पुरवले जाते. डासाच्या गुणसूत्रात कायमचा बसतो तो भाग त्या जनुकाविना असतो, म्हणून त्याला स्वतःहून जागा सोडता येत नाही.

राहिला चावण्याचा मुद्दा. डासांची संख्या घटवण्यासाठी असे डास सोडले जातात ते नर, आणि नर रक्त पीत नाहीत. निवडताना चुकून राहिलेली एखादी मादी चावली, तरी तिच्या गुणसूत्रातला तुकडा आपल्या पेशीच्या केंद्रकात नेऊन बसवणारी कोणतीही यंत्रणा त्या चाव्यात नसते.

चल घटक एका जातीतून दुसरीत कधीच जात नाहीत, असे मात्र मी म्हणणार नाही. ड्रोसोफिला या फळमाशीत पी-घटक दुसऱ्या जातीच्या माशीकडून आला आणि विसाव्या शतकात जगभरच्या माश्यांत पसरला. पण त्याचे विकराचे जनुक शाबूत होते, आणि तो जननपेशींपर्यंत पोहोचला होता म्हणूनच पुढच्या पिढ्यांत उतरला.