कर्मचाऱ्यांना सायकलवर आणायचंय, पण खरंच कोणी यायला नको? मग हे वाचाच

तर वरून मेल आलाय. यंदा कंपनीने पर्यावरण मनावर घेतलंय, कर्मचाऱ्यांनी चालत, सायकलने, बसने, ट्रेनने कामाला यावं असं मॅनेजमेंटला अचानक आतून वाटायला लागलंय, आणि ते घोंगडं एचआर किंवा अ‍ॅडमिनवाले म्हणून तुमच्या गळ्यात पडलंय. घाबरू नका. मेल परत एकदा नीट वाचा. त्यात फोटो मागितलेत, रिपोर्ट मागितलाय, पार्किंगमधल्या गाड्या किती कमी झाल्या ते मोजून द्या असं कोणी म्हटलेलं नाही. म्हणजे काम सोपं आहे, फक्त चुकून यशस्वी होऊ नका.

सुरुवात अर्थातच एका 'दिवसा'पासून करा. संयुक्त राष्ट्रांनी २०१८ पासून ३ जून हा जागतिक सायकल दिन ठरवून दिलाय, आणि २२ सप्टेंबरला कार-फ्री डे असतो, म्हणजे तारखा आयत्या मिळाल्या, दोन दिवस उत्साह आणि बाकी वर्ष मोकळं. टी-शर्ट छापा (सगळे एकाच साइझचे, वाद नको). मोठ्या साहेबांना सांगा की नेहमीसारखं गाडीनेच या, सायकल डिकीतून आणू, गेटच्या अलीकडे उतरा, हेल्मेट घाला आणि फोटोग्राफर 'हां' म्हणाला की पॅडल मारा. तेवढ्या अंतराला दम लागत नाही, फोटोत चेहरा फ्रेश येतो. मग चॅलेंज ठेवा, अ‍ॅपवर किलोमीटर भरायला लावा, आणि जो जिंकेल त्याला बक्षीस म्हणून वर्षभर दाराजवळचं राखीव पार्किंग द्या. हसू नका, दाराजवळची जागा ही ऑफिसात सगळ्यात मोठी शाबासकी समजली जाते हे तुम्हालाही माहितीय.

आता मुद्द्याचं. पार्किंगला हात लावायचा नाही. पोस्टर लावा, वक्ते बोलवा, वॉकेथॉन काढा, काहीही करा पण फुकट पार्किंग फुकटच राहू द्या, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खातं. एका गाडीला उभं राहायला साधारण १२-१३ चौरस मीटर लागतात, पण गाडी काही वरून सोडत नाहीत, तिला आत यायला, वळायला, बाहेर पडायला जागा लागते, ते सगळं धरलं की आकडा २५-३० चौरस मीटरवर जातो. आणि त्या गाडीतून उतरणाऱ्या माणसाला वर ऑफिसात टेबल-खुर्चीसकट ८-१० मिळाले तर नशीब. म्हणजे कंपनी माणसापेक्षा त्याच्या गाडीला दुप्पट-तिप्पट जागा देते, तिचं भाडं भरते, दिवे-कॅमेरे-वॉचमन ठेवते, आणि याला कोणी 'सवलत' म्हणत नाही, हे तर असतंच ना असं सगळे धरून चालतात. बसने येणाऱ्याने पासचे पैसे मागितले की मात्र ती लगेच 'मागणी' होते, आणि मागणी म्हटलं की बजेट, अप्रूव्हल, पुढच्या क्वार्टरला बघू.

इथे एक धोका आधीच सांगून ठेवतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने १९९२ साली कायदा केला, की ठरावीक मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्यांसाठी भाड्याने पार्किंग घेऊन फुकट देत असतील, तर ज्याला ती जागा नकोय त्याला तेवढे पैसे रोख द्या. बस्स, इतकंच. गाडी आणू नका असं कोणी कोणाला म्हटलं नाही, भाषण नाही, टी-शर्ट नाही. मग डोनाल्ड शूप नावाच्या प्राध्यापकांनी अशा आठ कंपन्या तपासल्या, १९९७ ला निकाल छापले, आणि दिसलं काय तर एकट्याने गाडी घेऊन येणारे १७ टक्क्यांनी घटले, गाडी शेअर करणारे ६४ टक्क्यांनी वाढले, बस-ट्रेनवाले ५० टक्क्यांनी, चालत किंवा सायकलने येणारे ३९ टक्क्यांनी. माणसं तीच, रस्ते तेच, ऊन-पाऊस तोच. आता सांगा, असला कागद तुमच्या ऑफिसातल्या कुठल्या तरी चौकस पोराच्या हाती लागला तर काय होईल? तो विचारणार, मी तीन वर्षं चालत येतोय, माझ्या वाटच्या पार्किंगचे पैसे कुठायत. आणि तुमच्याकडे उत्तर नाही. म्हणून कॅलिफोर्निया हा शब्दच काढू नका, कोणी काढलाच तर 'तिकडची गोष्ट वेगळी' म्हणा, हे वाक्य कुठल्याही देशाबद्दल चालतं.

हे वाक्य तुम्हाला पुष्कळदा लागणार आहे बरं का, कारण काही देशांनी ताळतंत्रच सोडलंय. फ्रान्समध्ये बस-ट्रेनच्या पासचा अर्धा खर्च मालकाने द्यायचा असा कायदाच आहे. बेल्जियममध्ये १ मे २०२३ पासून खाजगी कंपन्यांतल्या लोकांना सायकलने आल्याचे दर किलोमीटरमागे पैसे मिळायची सोय झालीय, आधी काही ठिकाणी होतीच, आता उरलेल्यांनाही. घाम गाळत यायचं आणि वर पैसे घ्यायचे! तुम्हाला आदर्शच ठेवायचा असेल तर पुन्हा अमेरिकेचाच ठेवा, पण कॅलिफोर्नियाचा नको, तिथल्या केंद्र सरकारचा. त्यांनी २००९ पासून सायकलवाल्यांना महिन्याला २० डॉलरची करसवलत दिली होती, आणि २०१८ मध्ये तीही थांबवली, पण त्याच वर्षी कर्मचाऱ्याला मिळणारं पार्किंग महिन्याला २६० डॉलरपर्यंत करमुक्त होतंच. याला म्हणतात प्राधान्यक्रम. त्यात कुठलाही संभ्रम नाही.

आणि समजा अगदीच वरून दबाव आला, पार्किंगचे काहीतरी पैसे लावाच असं झालं, तर महिन्याचे एकदम घ्या, पगारातून कापा. रोजचे रोज कधीही घेऊ नका. महिन्याचे पैसे एकदा गेले की माणूस म्हणतो दिलेच आहेत तर वसूल करू, आणि जो एरवी दोन दिवस ट्रेनने आला असता तोही रोज गाडी काढतो. रोजचे घेतले तर तो रोज सकाळी चावी हातात घेऊन विचार करणार, आणि सकाळी सकाळी लोकांना विचार करायला लावणं हे आपल्या मोहिमेच्या एकदम विरुद्ध आहे. सिएटलमधल्या लहान मुलांच्या एका मोठ्या हॉस्पिटलने नेमका हाच प्रकार केला, पार्किंगचे पैसे दिवसावर लावले आणि वर गाडी न आणणाऱ्याला त्या त्या दिवसाचे पैसे दिले, आणि मग तिथे एकट्याने गाडीतून येणाऱ्यांचं प्रमाण बरंच खाली आलं. असं हात दाखवून अवलक्षण करून घेऊ नका.

सायकल स्टँड मात्र जरूर बांधा, नाहीतर रिपोर्टात फोटो काय लावणार. जागा कुठली ते महत्त्वाचं. जनरेटरच्या मागे, जिथे एसीचं पाणी टपकतं आणि कॅमेरा पोचत नाही, तिथे. स्टँड तो पुढचं चाक अडकवायचा घ्या, म्हणजे सायकलची फ्रेम कशालाच बांधता येत नाही, चोराला फक्त चाक सोडून बाकीची सायकल न्यावी लागते. एका गाडीच्या जागेत आरामात दहा सायकली राहतात हे कोणाला बोलू नका. मेन गेटवरून सायकल आत सोडायची नाही, मागच्या गेटने, आणि मागचं गेट साडेनऊनंतर बंद. सिक्युरिटीवाल्याला वेगळं सांगायची गरज नसते, तो बिचारा इतकी वर्षं बघतोय की गाडी आली की सलाम आणि सायकल आली की 'कोणाकडे जायचंय?', ते त्याच्या अंगात मुरलेलं आहे. शॉवर असेलच कुठेतरी, बिल्डिंगच्या नकाशात असतो. त्यात जुन्या फाइली आणि मोडक्या खुर्च्या ठेवल्यात ना? राहू द्या. चावी अ‍ॅडमिनकडे आणि अ‍ॅडमिन मीटिंगमध्ये.

चालत येणाऱ्यांचं फार टेन्शन घेऊ नका. त्यांना आत यायला वेगळी वाट ठेवली नाही आणि गाड्यांच्या रॅम्पवरूनच यायला लावलं की ते आपोआप कमी होतात.

बस-ट्रेनवाले जरा चिवट असतात, कारण त्यातल्या बऱ्याच जणांकडे गाडीच नसते, त्यांना तुमच्या मोहिमेने प्रोत्साहन द्यायची गरजही नसते, ते मोहिमेच्या आधीपासून येतायत आणि त्यांचा फोटो कोणी काढत नाही. त्यांच्यासाठी घड्याळ वापरा. पंचिंग नऊ वाजता म्हणजे नऊ, नऊ वाजून चार मिनिटांनी लेट मार्क, तीन लेट मार्कला हाफ डे. गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली तर ते ट्रॅफिक, सगळे समजून घेतात, साहेबही तिथेच अडकलेले असतात. बस आली नाही तर तो तुमचा निष्काळजीपणा, एक आधीची पकडायची. संध्याकाळची मीटिंग सहाला ठेवा आणि साडेसातपर्यंत ताणा. आणि लोकांची खरी भीती काय असते माहितीय का, घाम नाही, पाऊस नाही, भीती ही असते की दुपारी फोन आला, पोराला ताप आहे, ये लवकर, तर मी जाणार कशी. काही ठिकाणी यावर साधा इलाज केलेला असतो, की अशा वेळी कंपनी टॅक्सीने घरी सोडेल, वर्षातून ठरावीक वेळा. बहुतेक लोक ते फार क्वचित वापरतात, पण ते आहे एवढ्यावर निर्धास्तपणे बसने येतात. म्हणूनच याला वाटाण्याच्या अक्षता लावायच्या. 'गैरवापर होईल' म्हणायचं आणि विषय संपवायचा.

पण हे सगळं किरकोळ आहे. ज्यांना एकदाच काय तो मोठा घाव घालायचाय त्यांनी ऑफिसच हलवावं. स्टेशनपासून दहा मिनिटांवर असलेली जुनी, कोंदट बिल्डिंग सोडा आणि हायवेला लागून जिथे भरपूर मोकळी जागा आहे, झाडं आहेत, तळं आहे, तिथे कॅम्पस बांधा. ग्रीन बिल्डिंगचं सर्टिफिकेट घ्या. पाण्याचा पुनर्वापर करा, दिवे आपोआप विझणारे लावा. तिथे बस जात नाही, फूटपाथ हायवेला कशाला असेल, आणि सायकलने जायचं तर अंगावर ट्रक घेत जावं लागेल. सगळे झक मारत गाडी घेतील, ज्यांना झेपत नाही ते हप्त्यावर घेतील, आणि मग तुम्ही मान हलवत म्हणू शकता, काय करणार, आपल्या लोकांना गाडीचीच आवड आहे. तसा सर्व्हेही घ्या. प्रश्न असा टाका, 'तुम्ही सायकलने का येत नाही?' आणि पर्याय चारच, आळस, ऊन, घाम, घरचे नको म्हणतात. 'रस्त्यावर मरायची भीती वाटते' हा पर्याय टाकू नका, चार्टमध्ये वाईट दिसतो. 'पार्किंग फुकट आहे म्हणून' हा तर अजिबातच नको.

पोस्टरवर काय लिहायचं हा प्रश्न पडला असेल तर आरोग्य. २०१७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक मोठा अभ्यास आला होता, ब्रिटनमधल्या अडीच लाखांहून जास्त लोकांचा, त्यात सायकलने कामाला जाणाऱ्यांमध्ये अकाली मृत्यूचा धोका ४१ टक्क्यांनी कमी दिसला. आता हा काही पक्का कार्यकारणभाव नाही, मुळात धडधाकट असलेले लोकच सायकल जास्त चालवत असतील असंही असू शकतं, पण पोस्टरला एवढं कोण विचारतं. ४१ हा आकडा मोठ्या टायपात टाका, खाली हिरवं पान, आणि ते पोस्टर लिफ्टमध्ये लावा. बेसमेंट पार्किंगमधून वर येताना लोकांकडे वाचायला तेवढाच वेळ असतो.

एवढं करूनही एखादा निघतोच. रोज येतो, पावसात येतो, डेस्कखाली जादा शर्ट ठेवतो. त्याला विरोध करायचा नाही, त्याला पद द्यायचं. 'ग्रीन अ‍ॅम्बॅसेडर' करा, कमिटीत घ्या, दर वर्षी ३ जूनला त्याला पाच मिनिटं बोलायला सांगा, आणि तो शॉवरची चावी मागायला लागला की टाळ्या वाजवा. कमिटीची मीटिंग त्या नव्या कॅम्पसला ठेवा, सकाळी आठला. तोही कधीतरी दमेल, लग्न करेल, गाडी घेईल, आणि त्या दिवशी त्याच्यासाठी पार्किंगचा स्टिकर तयार ठेवा, पहिला महिना तरी दाराजवळचा.

वर्षअखेरीच्या रिपोर्टात टी-शर्ट किती वाटले, पोस्टर किती लावले, सोशल मीडियावर लाइक किती आले, हे सगळं 'सहभाग' या मथळ्याखाली घाला. पार्किंग भरून वाहतंय म्हणून दुसरा मजला बांधायचा प्रस्ताव एव्हाना आलेलाच असेल, तो लगेच मंजूर करून घ्या, छतावर चार सोलर पॅनल टाका आणि त्याचाही फोटो याच रिपोर्टात लावा, सायकलवर बसलेल्या साहेबांच्या शेजारच्या पानावर.