डबा चालतो का?

शनिवार, संध्याकाळी साडेसातचा सुमार. ना. म. जोशी मार्गावर, म्हणजे आमच्या तोंडी डिलाईल रोडला, एका कायम बंद असलेल्या दुकानाची पायरी हा आमचा कट्टा. पूर्वी चाळीतून चप्पल सरकवून खाली उतरलं की आलाच. आता आमच्या बीडीडी चाळीचं रिडेव्हलपमेंट लागलं. कोणी ट्रान्झिटला, कोणी भाडं घेऊन डोंबिवलीला, मी कांजूरला. तरी शनिवारी सगळे इथेच येतो. पिंट्याच्या मते कट्ट्याचं आता डेस्टिनेशन झालंय, तिकीट लावायला हरकत नाही.

डेस्टिनेशन हा शब्द कट्ट्यावर आणला जर्मनने. तो जर्मन नाही, खालच्या मजल्यावरच्या मालवणी घरातला आहे. कंपनीने आठ महिने म्युनिकला पाठवला तेव्हापासून हे नाव पडलं. परत येताना डब्लिनला जाऊन गिनेस बिअरचं स्टोअरहाउस बघून आला आणि तिथून काही उतरलाच नाही.

“सात मजले, लेको! मधली मोकळी जागा म्हणजे सात मजली पाइंटचा ग्लास. भरायचा म्हटला तर एक कोटी त्रेचाळीस लाख पाइंट लागतील. वर काचेचा बार, सगळं डब्लिन पायाखाली. आणि भाडेपट्टा माहितीये किती वर्षांचा? १७५९ साली आर्थर गिनेसने जागा घेतली ती नऊ हजार वर्षांसाठी. वर्षाला पंचेचाळीस पाउंड.”

“नऊ हजार?” अण्णांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. “पागडी किती दिली होती?”

अण्णा आमच्यात सगळ्यात मोठे, पासष्टीच्या पुढचे. गिरणी संपाआधी सूतकताईच्या रिंग खात्यात बदली कामगार होते. भाडेपट्टा, करारनामा, पात्रता असले शब्द निघाले की त्यांचे कान टवकारतात. गेली कित्येक वर्षं आमच्या अख्ख्या चाळीचंच तसं झालंय.

जर्मनचं म्हणणं सरळ होतं. बिअर प्यायला जायचं तर जाण्यासारखी जागा हवी. मोठमोठ्या तांब्याच्या कढया दिसाव्यात, इतिहास कळावा, कोणीतरी हातात ग्लास देऊन ओतायला शिकवावं. गिनेस ओतायला म्हणे ११९.५ सेकंद लागतात, तेही दोन टप्प्यांत. “त्या दोन मिनिटांत माणूस थांबायला शिकतो,” तो म्हणाला. लोकल चुकली तर अर्धा तास तोंड पाडून बसणारा हा माणूस.

मी म्हटलं, “तुझ्या त्या सात मजल्यांत बिअर कुठे बनते?”

“शेजारी. ब्रुअरी शेजारच्याच आवारात आहे.”

“म्हणजे त्या इमारतीत नाही. आंबवणीची जुनी इमारत, १९८८ पर्यंत चालली, २००० साली पाहुण्यांसाठी उघडली. ॲमस्टरडॅमला हायनेकेनचंही तेच, ब्रुअरी बंद पडली आणि तिथे ‘अनुभव’ सुरू झाला. तिकीट काढून गाभाऱ्यात जायचं आणि देव दुसरीकडे.”

हे मला तिथल्या तिथे सुचलं आणि बरं वाटलं. माझं म्हणणं, आपला छोटा टॅपरूमच बरा, म्हणजे नळावरची बिअर देणारी छोटी जागा. तिथे बिअर ताजी मिळते. पण खरं सांगायचं तर मी गेलोय कुठे? मी बोललो ते माझ्या एका आवडत्या आठवणीच्या जोरावर. २०१५ साली अंधेरीला डूलालीचा टॅपरूम निघाला. ही मंडळी मूळ पुण्याची, २००९ पासून तिथे बिअर बनवणारी. त्या वर्षी की पुढच्या, आठवत नाही, पण जुलैतला मंगळवार होता, वेस्टर्न लाइन ठप्प, आणि मी आडोसा म्हणून आत शिरलो. आत लाकडी टेबलं, कपाटात बोर्ड गेम्सची खोकी. शेजारच्या टेबलावरच्या दोन मुलांना खेळायला एक माणूस कमी पडत होता, त्यांनी मला ओढलं. काउंटरवरच्या पोराने न मागता दोन घोट चाखायला दिले आणि विचारलं, केळ्याचा वास येतो का? आला. गव्हाच्या बिअरमध्ये केळं घातलेलं नसतं, तिथलं यीस्टच तो वास तयार करतं, हे मला त्या दिवशी कळलं. रात्री साडेअकराला गाड्या सुरू झाल्या तेव्हा उठलो. माझी टॅपरूमबद्दलची सगळी मतं त्या एका पावसावर उभी आहेत, हे मी कट्ट्यावर कबूल केलं नाही.

पिंट्याने मात्र ओळखलं. तो हॉटेलांच्या ड्राफ्ट लायनी, म्हणजे केगमधून, बिअरच्या पिंपातून, नळापर्यंत बिअर नेणाऱ्या नळ्या धुण्याचं काम करतो. केग, नळ, गॅसचे सिलिंडर, सगळं त्याच्या हाताखालून जातं. बिअरबद्दल भावुक झालेला माणूस त्याला सहन होत नाही.

“छोटी जागा म्हणजे ताजी बिअर, हे तुला कुणी सांगितलं? अरे, छोट्या जागेत दहा नळ लावतात आणि गिऱ्हाईक असतं चाळीस. त्यातले तीस गव्हाचीच पितात. मग ती काळी स्टाउट पडून राहते केगमध्ये. लायनी पंधरा दिवसांनी धुवायच्या, तर मालक म्हणतो पुढच्या आठवड्यात ये. नळीत साय धरते साय! तुला जो आंबूस वास येतो ना आणि तू म्हणतोस वा, काय हटके चव आहे, ती माझी राहिलेली धुलाई असते.”

“आणि मोठ्या जागी?”

“तिथे शुक्रवारी रात्री टाकी रिकामी होते. खपतं ते ताजं. मच्छीबाजारात काय वेगळं असतं?”

हा मुद्दा मला तेव्हाही पटला आणि आत्ता लिहितानाही पटतोय. माझ्या बाजूचा एक खांब तिथेच निखळला. पण पिंट्या कुणाच्याच बाजूचा नसतो, त्याने लगेच जर्मनकडे मोर्चा वळवला. मोठी जागा चालवायची म्हणजे रोज भरायला लागते. एवढी माणसं आणायची कुठून? मग संगीत मोठं करा, डीजे आणा, टेबल दीड तासाला द्या. मला एका मोठ्या जागी खरंच ‘सर, युअर स्लॉट’ असं सांगून उठवलं होतं, अर्धा ग्लास हातात असताना. जागेचं नाव घेत नाही. काचेपलीकडे स्टीलच्या टाक्या चकाकत होत्या, पण त्या टाक्यांशी काम करणारा माणूस तेवढ्या वेळात एकदाही दिसला नाही. आवाज एवढा की समोरच्याला ‘मीठ दे’ म्हणायला व्हॉट्सॲप करावं लागत होतं.

जर्मन जरा नरमला. मग प्रामाणिकपणे स्वतःच एक गोष्ट सांगितली. अमेरिकेच्या स्टोन ब्रूइंगने बर्लिनला मारिएनडॉर्फ भागात गॅसच्या जुन्या कारखान्यात भलीमोठी ब्रुअरी काढली, २०१६ साली. लाल विटांच्या इमारती, बाग, रेस्टॉरंट, लोक लांबून येतील ही कल्पना. २०१९ मध्ये ब्रूडॉग या दुसऱ्या बिअर कंपनीला विकून मोकळे झाले.

“जुना कारखाना, लाल विटा, लांबून येणारे लोक,” अण्णा म्हणाले. “आपल्या गल्लीचंच वर्णन करतोयस.”

ते खरंच होतं. आम्ही बसलो होतो तिथून मथुरादास मिल कंपाउंड चालत दहा मिनिटं. २०१३ साली मुंबईतला पहिला ब्रूपब, म्हणजे स्वतःची बिअर बनवून तिथेच प्यायला देणारा बार, बार्किंग डिअर, तिथेच निघाला. पुढे बंगळुरूचं टॉइटही तिथेच आलं. अख्ख्या मुंबईतून लोक टॅक्सी करून जिथे बिअर प्यायला येतात, ती जागा आमच्या चाळीच्या पाठी. आणि आमच्यापैकी तिथे किती जण गेलेत? जर्मन कंपनीच्या पार्टीला, पिंट्या लायनी धुवायला मागच्या दाराने, मी दोनदा. लोकल टॅपरूम म्हणायचं, पण लोकल कोण? एका ग्लासाला साडेचारशे, वर टॅक्स. तो टॅपरूम छोटा असला तरी वस्तीचा नसतो. हे मी बोलून गेलो आणि माझाच दुसरा खांब गेला.

“आमच्या वेळी गेटवर वॉचमन पास बघायचा,” अण्णा म्हणाले. “आता बाउन्सर असतो. वरपासून खालपर्यंत बघायची पद्धत तीच. फरक एवढाच की तेव्हा आत गेल्यावर पगार मिळायचा.” मग त्यांनी निकाल दिला. “तुमचा टॅपरूम म्हणजे काय, आपला परमिट रूम. वेटरला नाव माहीत, बसायची जागा ठरलेली, चकण्याला उकडलेले शेंगदाणे न मागता. महिनाअखेरीला वही. इंग्रजांकडून काय शिकायचं?”

मी म्हटलं, इंग्रजांनीही तेच केलं शेवटी. केंट परगण्यात हर्न नावाच्या गावी २००५ साली एका माणसाने खाटकाच्या जुन्या दुकानात पब काढला. जेमतेम आपल्या बीडीडीच्या खोलीएवढा. गाणी नाहीत, टीव्ही नाही, माणसं एकमेकांशी बोलणारच, दुसरं करणार काय? त्यावरून ‘मायक्रोपब’ ही चळवळच झाली तिकडे.

“एकशे साठ स्क्वेअर फुटांत पब!” पिंट्या म्हणाला. “आपण त्यात सात माणसं झोपलो.”

अण्णा खुशीत आले. परमिट रूम हे नाव दारूबंदीतून कसं आलं ते त्यांनी सांगितलं. कायदा १९४९ चा, अजून चालू आहे. कागदोपत्री आजही पिण्यासाठी परवाना लागतो, आणि तो मिळतो प्रकृती जपण्यासाठी. “मी चाळीस वर्षं प्रकृतीच जपतोय.”

इतका वेळ मनी मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती. आमच्याच मजल्यावरची, आता फोर्टला बँकेत आहे. तिने मोबाइल पर्समध्ये टाकला, म्हणजे आता आमचं काही खरं नव्हतं.

“अण्णा, तुमच्या परमिट रूममध्ये मी कुठे बसू?”

“फॅमिली रूम आहे की वर.”

“फॅमिलीबरोबर नाही. एकटी. ऑफिस सुटल्यावर, एक ग्लास, पुस्तक वाचत.”

अण्णांनी चहा ढवळला. ग्लासात चहा उरला नव्हता.

“वेटरला नाव माहीत, ठरलेली जागा, सगळे ओळखीचे,” मनी म्हणाली, “हे तुम्हाला घरगुती वाटतं. मला नाही. एकोणतीस वर्षं चाळीत काढली मी. कितीला आले, कुणाबरोबर आले, पिशवीत काय होतं, सगळ्यांना माहीत. मला कुणी ओळखत नाही अशी जागा हवी होती. ती मला पहिल्यांदा त्या तुमच्या बदनाम, मोठ्या, गोंगाटाच्या ब्रुअरीत मिळाली. पाचशे माणसं, एकानेही वळून बघितलं नाही. नाशिकला सुलाच्या वायनरीत, वाइन चाखायच्या रूममध्ये आईला घेऊन गेले. बसेस भरभरून माणसं, सेल्फी, गर्दी, तू ज्याला जत्रा म्हणशील ते सगळं. आईने आयुष्यात पहिल्यांदा वाइन चाखली आणि कुणी तिला काही बोललं नाही. ती तुझ्या छोट्या टॅपरूमच्या दारातूनच परत फिरली असती. आठ टेबलं, आत शिरलं की सगळे वर बघणार.”

मी म्हटलं, “पण मला तर त्या मुलांनी खेळायला बोलावलं.”

“तुला बोलावलं. मला बोलावलं असतं तर मी आधी दार कुठे आहे ते बघितलं असतं.”

यावर कोणी काही बोललं नाही. समोरून रिकामी बेस्ट गेली. अंधेरीचा तो पाऊस मी दहा वर्षं सांगत आलोय, पण आत शिरताना मला काही वाटलं नाही, एवढा भाग त्यात कधीच नव्हता.

शांतता जर्मनने मोडली. त्याला म्युनिकचं काहीतरी सांगायचं होतं आणि डब्लिनच्या नादात ते राहून गेलं होतं. तिकडे हिर्शगार्टन नावाची बिअरबाग आहे, आठएक हजार माणसं बसतात. म्हणजे आकाराने डेस्टिनेशनच. पण ट्रिपवाले कमी, आजूबाजूची माणसंच जास्त. म्हातारे, तान्ही पोरं, कुत्री. लांबच लांब बाकं, जागा दिसेल तिथे ‘इथे कोणी आहे का?’ विचारून बसायचं. एकटी बाई बसली तरी कोणाला नवल नाही. “आणि आपला डबा घेऊन जायचा!”

“डबा?”

“घरचा. पोळी, चीज, मुळा, जे असेल ते. लोक टेबलावर घरचा कपडा अंथरून बसतात. बिअर तेवढी त्यांची घ्यायची. १८१२ साली तिथल्या राजाने ठरवून दिलं. बिअर बनवणाऱ्यांनी आपल्या तळघराबाहेर झाडाखाली बिअर विकावी, पण जेवण विकू नये, नाहीतर खानावळवाले ओरडतात. मग लोक खाणं घरून आणायला लागले. राजा गेला, डबा राहिला.”

मनी म्हणाली, “हे आधी का नाही सांगितलंस? तासभर सात मजले चढवलेस आम्हाला.”

“तिथे मला बोअर झालं होतं,” जर्मन म्हणाला. “फोटो काढण्यासारखं काही नव्हतं.”

अण्णांना राजा फारच आवडला. साठ वर्षं या रस्त्यावर काढून आपण कंपाउंडच्या आत बिअर प्यायलो नाही, हे त्यांना अचानक खटकायला लागलं. पुढच्या शनिवारी जाऊ, पाचही जण, पैसे जर्मन देणार, असं जर्मनला न विचारता ठरलं. अण्णांची एकच अट होती. घरची कोथिंबीर वडी न्यायची. साडेचारशेच्या ग्लासाबरोबर तीनशेचे नाचोज खायला ते तयार नव्हते.

पिंट्याकडे तिथल्या मॅनेजरचा नंबर होता. त्याने तिथेच पायरीवरून फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडे एक मुलगी होती, मागे ढणढण गाणं.

“किती जण, सर?”

“पाच. बाहेरचा डबा चालतो का?”

“सॉरी, सर. फक्त बर्थडे केक अलाउड आहे.”

पिंट्याने अण्णांकडे बघितलं. अण्णा मनीला विचारत होते, तुझ्याकडे केकचं रिकामं खोकं आहे का गं, जरा मोठं?