इंटरनेट फोनवर भिण्यासारखं नेमकं काय? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

'मी तुझ्या वडिलांच्या वयाचा' असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून काका म्हणतो. ऑफिसातल्या इंटरनेट फोनवरचा माझा लेख तुम्ही शेवटपर्यंत वाचलात आणि सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. नंतर येणाऱ्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. इंटरनेटवरून जाणारं बोलणं कुणीही ऐकेल, तांब्याच्या लाईनवर ते शक्य नव्हतं. हॅकर घुसला तर लाखांचं बिल येईल. वीज गेली की फोन बंद. आणि हे सगळं झाकून मी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखानदारांना फीचरची भुरळ घालतोय.

यातली बिलाची भीती सगळ्यात खरी आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. इंटरनेट फोनवरचा चोर बहुतेक वेळा तुमचं बोलणं ऐकायला येत नाही. कास्टिंगचा भाव तुम्ही कुणाला काय सांगितला, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. त्याला तुमच्या लाईनवरून परदेशातल्या महागड्या नंबरांना फोन लावायचे असतात. त्या नंबरांवर मिनिटामागे जो पैसा जमा होतो, त्यात त्याचा वाटा असतो. म्हणून तो रात्री येतो, सुट्टीच्या आदल्या दिवशी येतो, दिवाळीत कारखाना बंद असताना येतो. एका एक्स्टेन्शनचा, म्हणजे ऑफिसातल्या एका फोनचा, पासवर्ड हाती लागला की एकाच वेळी अनेक कॉल सुरू करता येतात, आणि सकाळी शटर उघडेपर्यंत मीटर पळत राहतो.

तो आत कसा येतो, ते बघण्यासारखं आहे. या फोनांची बोलणी ज्या सिप पद्धतीने जुळतात, तिचं नेहमीचं पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरचं दार, ५०६०. ते इंटरनेटवर उघडं ठेवलेल्या कुठल्याही एक्स्चेंजचा, म्हणजे ऑफिसातले फोन जोडणाऱ्या यंत्रणेचा, लॉग (नोंदवही) उघडा. रात्रभर कुणीतरी दार ठोठावत असतं: एक्स्टेन्शन १००, पासवर्ड चुकीचा. १०१, चुकीचा. १०२, चुकीचा. मग १००१, १००२. हे माणूस करत नाही, प्रोग्राम करतो. कोल्हापूर कुठे आहे हेही त्याला ठाऊक नसतं, तो जगभरचे पत्ते ओळीने चाळत असतो. ज्या ऑफिसात १०१ चा पासवर्डही १०१ च आहे, तिथे तो पहिल्या काही प्रयत्नांत आत शिरतो. आपल्याकडे फोन बसवणारा माणूस घाईत असला की असेच पासवर्ड टाकून जातो, आणि मालकाला ते कधी कळतही नाही.

पण काका, हा रोग इंटरनेटने आणलेला नाही. ऑफिसातल्या जुन्या ईपीएबीएक्स एक्स्चेंजलाही तो होता. बाहेरून फोन करून, कोड दाबून ऑफिसच्या लाईनवरून पुढे एसटीडी-आयएसडी लावायची सोय अनेक मशीनमध्ये असायची. कंपनीने घातलेला कोड कुणी बदलायचं नाही आणि चोर तिथूनच शिरायचे. आज बंदोबस्त करणं उलट सोपं आहे. परदेशी कॉल करायची गरज नसेल तर आयएसडी एक्स्चेंजमध्येही बंद करा आणि लाईन देणाऱ्या कंपनीकडेही बंद करायला सांगा, दोन्हीकडे. जर्मनीला माल जात असेल तर तेवढाच देश उघडा, तोही एक्स्पोर्ट बघणाऱ्याच्या एक्स्टेन्शनवर. एकावेळी किती कॉल आणि दिवसाला किती रुपये, याला मर्यादा घाला. एक्स्चेंज फक्त लाईन देणाऱ्या कंपनीच्या पत्त्याशी बोलेल असं फायरवॉलमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या राखणदारात, बांधून टाका. बाहेरगावच्या माणसाला जोडायचं असेल तर व्हीपीएनमधून, म्हणजे इंटरनेटवरच्या कुलूपबंद खासगी वाटेने, जोडा.

आता ऐकण्याबद्दल. तांब्याच्या लाईनवर ऐकता येत नव्हतं, हे मला मान्य नाही. गल्लीच्या कोपऱ्यावर झाकण मोडलेला डीपी बॉक्स (टेलिफोनच्या तारा जोडायचा डबा) आपण सगळ्यांनी पाहिलाय. टेस्टिंगच्या फोनचे दोन चिमटे योग्य जोडीला लावले की पलीकडचं बोलणं स्वच्छ ऐकू येतं. त्या तारेत कुठलंही कुलूप नव्हतं.

इंटरनेट फोनलाही कुलूप आपोआप लागत नाही, तिथे तुमची शंका रास्त आहे. साध्या मांडणीत आवाज उघडाच जातो. त्याच नेटवर्कवर बसलेल्या, डेटाची वाहतूक पकडायची जागा मिळालेल्या माणसाने ती वाहतूक वाचणारं वायरशार्कसारखं फुकट सॉफ्टवेअर लावलं, तर त्याला तो कॉल परत वाजवून ऐकता येतो. यावर उपाय दोन, आणि ते जोडीनेच लागतात: आवाज कुलूपबंद करायला एसआरटीपी, कॉल जुळवणारे संदेश कुलूपबंद करायला टीएलएस. बरेच लोक पहिलं चालू करतात आणि दुसरं विसरतात. नेहमीच्या मांडणीत आवाज उलगडायची किल्ली त्या संदेशातूनच जाते. तो संदेश उघडा गेला तर कुलपाला किल्ली लटकवून ठेवल्यासारखंच झालं. शिवाय हे कुलूप एक्स्चेंजपर्यंत किंवा लाईन देणाऱ्या कंपनीपर्यंतच. तिथून पुढे कॉल साध्या फोन नेटवर्कवर गेला की त्याची सुरक्षितता नेहमीच्या फोनइतकीच. यापेक्षा जास्त कुणी विकत असेल तर त्याला दोन प्रश्न जास्त विचारा.

तुम्ही न काढलेला एक मुद्दा मला यापेक्षा मोठा वाटतो: रेकॉर्डिंग. महिनोन्महिन्यांचे सौदे, गिऱ्हाइकांचे नंबर, उधारीची बोलणी एकाच ठिकाणी साठलेली असतात, आणि पुष्कळ ठिकाणी ती एका वेब पानावर, एका सामाईक लॉगिनमागे. नोकरी सोडून गेलेल्या माणसाला तो पासवर्ड अजून ठाऊक असतो. माझ्या मते गरज नसेल तर रेकॉर्डिंग बंदच ठेवावं. ठेवायचं तर समोरच्याला सांगावं, ठराविक मुदतीनंतर पुसावं, आणि प्रत्येकाला वेगळं लॉगिन द्यावं. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही हीच दिशा दाखवतो.

विजेचा मुद्दा तुमचा बरोबर. तांब्याच्या फोनला टेलिफोन कंपनीच्या एक्स्चेंजकडून ४८ व्होल्टचा पुरवठा यायचा, म्हणून घरात अंधार असला तरी तो वाजायचा. इथे फायबरचा डबा, राऊटर, स्विच आणि फोन, चारही चालू राहिले पाहिजेत. फोनना स्विचमधूनच वीज देणारी पीओई पद्धत घेतली आणि सगळं एका यूपीएसवर टाकलं की नेहमीचं लोडशेडिंग निघून जातं. पण पुराचं काय? २०१९ आणि २०२१ मध्ये शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला, एमआयडीसीत जायला वाट राहिली नाही. तिथल्या टेबलावरचा तांब्याचा फोन चालू असला तरी उचलणार कोण होतं? ऑफिसचं एक्स्चेंज क्लाऊडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या दूरच्या सर्व्हरवर, असेल तर ऑफिसचा तोच नंबर कागलला घरी बसलेल्या माणसाच्या मोबाईलवर वाजतो. मी ज्याला फीचर म्हणतो ते हे. 'विक्रीसाठी एक दाबा' नसलं तरी धंदा अडत नाही.

आवाज तुटतो असंही तुम्ही ओझरतं लिहिलंय. आवाज पाठवायच्या नेहमीच्या जी.७११ पद्धतीत एका कॉलला जाताना-येताना प्रत्येकी ९० केबीपीएसच्या आत लागतं, त्यामुळे वेग कमी पडणं हे कारण क्वचितच असतं. राऊटरमधलं 'सिप एएलजी' (सिपचे संदेश मध्येच बदलणारी सोय) बंद करून बघा आणि सीसीटीव्हीची डेटा वाहतूक फोनपासून वेगळी करा. एका बाजूचाच आवाज येणं बहुधा पहिल्या उपायानेच थांबतं.

तुमची तांब्याची लाईन चांगली चालत असेल तर ती लगेच काढू नका. वॉचमनच्या केबिनमध्ये राहू दे. आणि फोन बसवलेल्या माणसाकडून आधी एवढं लेखी घ्या: कुठली पोर्ट बाहेर उघडी आहेत, आयएसडी कुठे कुठे बंद केलंय, रोजची मर्यादा किती. तो कागद आणि मागच्या महिन्याचं कॉलचं बिल, दोन्हीवरचे नंबर खोडून, मला ईमेल करा. काय बदलायला हवं ते बघून लिहितो.