तो वेंगुर्ल्याचो, विद्यापीठाचो खंय?

आंब्याचा हंगाम आवरला, माणसं जरा मोकळी झाली, की व्हॉट्सॲपवर एक मेसेज दरवर्षी उगवतो. यंदा आमच्या बागायतदारांच्या ग्रुपवर तो एका दिवसात तीनदा आला. मजकूर साधारण असा: “कृषी विद्यापीठं म्हणजे पांढरे हत्ती. पन्नास वर्षांत शेतकरी लावील अशी एक जात दिली नाही. कलमं आणली खासगी नर्सरीवाल्यांनी. द्राक्ष-डाळिंब उभं केलं शेतकऱ्यांनी. विद्यापीठाने दिलं ते कल्टार औषध, आणि त्याने हापूसच्या बागा वाळवल्या. पोरं तिथे शिकतात नि एमपीएससीला बसतात. कुलूप घाला!” खाली हात जोडलेले, आणि ‘जास्तीत जास्त शेअर करा’.

मी विद्यापीठाचा नोकर नाही, कधी नव्हतो. सिंधुदुर्गात थोडा काजू, थोडा आंबा आहे, त्यावर घर चालतं. विद्यापीठावर माझेही राग आहेत, ते शेवटी सांगतो. पण या मेसेजातला राग चुकीच्या जागी काढलेला आहे. मला जवळून माहीत आहे ते दापोलीचं विद्यापीठ, म्हणून बहुतेक उदाहरणं तिथलीच देतो.

पहिला आरोप जातींचा. मेसेज टाकणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांच्या बागेत मी शेकडो वेळा गेलोय. गडग्याच्या कडेने दोन ओळी वेंगुर्ला चार या काजूच्या, वर कातळाच्या अंगाला सगळा वेंगुर्ला सात. त्यांना फोन लावला आणि विचारलं, “काका, तुमचो काजू कोणाचो?” म्हणाले, “तो वेंगुर्ल्याचो. विद्यापीठाचो खंय?”

या एका वाक्यात सगळा घोळ आहे. वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र 1957 सालचं. दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ झालं 1972 मध्ये, आणि केंद्र त्याच्याकडे गेलं. 1974 मध्ये वेंगुर्ला एक आली, ती आणसूरच्या झाडातून निवडलेली. 1981 मध्ये चार आली, मिदनापूर रेड आणि वेतोरे 56 यांच्या संकरातून. आणसूर आणि वेतोरे ही आमच्याच तालुक्यातली गावं, म्हणजे आपल्याच परसातलं झाड उचलून, पारखून, त्याचं वाण करून परत आपल्याच हातात दिलेलं. 1997 मध्ये सात आली. तिची बी सरासरी 10 ग्रॅमची. आमचा जुना गावठी काजू चार-पाच ग्रॅमच्या पुढे क्वचितच जायचा.

हा फरक कागदावर कळत नाही. काजू फोडणाऱ्या बाईच्या शेजारी अर्धा तास बसा, मग कळतो. पायाने दाबायच्या यंत्रात ती एकेक बी धरते, पाय दाबते, टरफल उघडलं की गर काढते. एक किलो गावठीला दोनशेच्या वर वेळा पाय दाबायचा, तर एक किलो सातला शंभर वेळा. वर सातचा गर 180 नंबरात जातो, म्हणजे एका पौंडात फार तर 180 गर, आणि त्याचा भावच वेगळा. व्यापारी दारात येतो तेव्हा “सात आहे की मिक्स?” हा प्रश्न आधी, बाकीची विचारपूस मागाहून. जात इतकी अंगवळणी पडली की ती कुणी काढली हेच विसरायला झालं, आणि म्हणे एक जात दिली नाही.

बाकीच्या विद्यापीठांचं घाईत सांगतो. परभणी क्रांती भेंडी, 1985 ची, हळद्या रोगाला दाद न देणारी. तिचं विद्यापीठ तर नावातच आहे. राहुरीचं फुले पुरंदर सीताफळ आणि चाळीत टिकणारा एन-2-4-1 कांदा. आमच्याकडे कोकमाची कोकण अमृता. यादी बरीच लांबवता येईल, पण मला यादीपेक्षा कलमांबद्दल बोलायचंय.

“कलमं नर्सरीवाल्यांनी आणली.” आणली, खरंच आणली. पण कुठली रीत वापरून? माझ्या आजोबांच्या काळी हापूसचं कलम म्हणजे भेट कलम. मोठ्या झाडाच्या फांद्यांखाली मांडव घालायचा, त्यावर रोपांच्या कुंड्या चढवायच्या, रोपाची आणि फांदीची साल तासून दोघांची भेट घडवायची, बांधायचं, आणि सांधा जुळेपर्यंत महिनोन् महिने कुंड्यांना पाणी घालत राहायचं. एका झाडाला किती कुंड्या टांगणार? कलम महाग आणि मोजकं, त्यामुळे लागवड करायची ऐपत मोजक्या घरांची.

कोय कलमाने हे चित्र पालटलं. पावसाच्या तोंडावर कोयी रुजत घालायच्या. कोंब वर येतो तेव्हा पानं तांबूस, लुसलुशीत, हाताला लोण्यासारखी. दहा-पंधरा दिवसांचं हे पोर कोयीपासून बोटभर उंचीवर छाटायचं, मधोमध उभा काप द्यायचा. हापूसची तीन-चार महिन्यांची काडी घ्यायची. तिची पानं आठ-दहा दिवस आधीच देठ ठेवून कापलेली असतात, म्हणजे शेंड्याचा डोळा फुगून तयार असतो. काडीला खालून पाचरीसारखा आकार द्यायचा, कापात बसवायची, प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. हात बसलेला माणूस दिवसाला शेकड्यांनी बांधतो. माझा हात बसलेला नाही. माझी पट्टी सैल पडते, पाणी आत जातं आणि निम्मी काळी पडतात. बायकोची लागतात.

कोवळ्या रोपावर कलम करणं दापोलीत पहिल्यांदा सुचलं असं कुणी म्हणत नाही. कल्पना जुनी होती. पण कोकणच्या पावसात ते कोणत्या महिन्यात करायचं, रोप किती दिवसांचं हवं, काडी किती जाड आणि किती जून, हे वर्षानुवर्षं करून पाहून दापोली-वेंगुर्ल्याच्या माणसांनी बसवलं, आणि मग प्रशिक्षणं घेऊन गावागावांतल्या पोरांना शिकवलं. आज ज्यांच्या नर्सऱ्या आहेत त्यांतल्या कित्येकांनी चाकू धरला तो असल्याच प्रशिक्षणात, नाहीतर असं प्रशिक्षण घेतलेल्याच्या हाताखाली. 1990 मध्ये रोजगार हमीतून फळबाग योजना आली. डोंगरच्या डोंगर आंबा-काजूखाली गेले. त्यासाठी लागणारी कलमं भेट कलमाने पुरली असती का, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

द्राक्ष-डाळिंबाचा मुद्दा निम्मा खरा आहे, आणि तो मी नाकारणार नाही. सोनाका हे द्राक्ष दिलं ते सोलापूर जिल्ह्यातल्या नान्नजच्या नानासाहेब काळ्यांनी, आणि ते शेतकरीच. द्राक्षवाल्यांनी आपली वाट बरीचशी आपण काढली. डाळिंबाचं तसं नाही. ‘गणेश’ ही निवड 1936 ची, पुण्याच्या गणेशखिंड बागेतली, फळशास्त्रज्ञ डॉ. चीमांच्या हातची. तेव्हा राज्यात कृषी विद्यापीठच नव्हतं, त्यामुळे श्रेय राहुरीचं नाही, पण सरकारी फळसंशोधनाचं नक्कीच आहे. त्यानंतरचे मृदुला, आरक्ता आणि आज जो सगळीकडे दिसतो तो भगवा हे मात्र राहुरीचेच.

आता कल्टार. या आरोपात सगळ्यात जास्त जोर आहे, कारण वाळलेली झाडं मी स्वतः पाहिलीत.

कल्टार हे बाजारातलं नाव, आतलं औषध पॅक्लोब्युट्राझॉल. झाडात वाढीचं संप्रेरक तयार होतं, त्याला ते आडवं येतं. पालवी थांबते आणि झाड मोहोराकडे वळतं. हापूस एक वर्ष धरतो नि एक वर्ष हुलकावणी देतो, त्यावरचा हा उतारा. विद्यापीठाची शिफारस मात्र एका ओळीची नव्हती. झाडाच्या विस्ताराचा व्यास मोजायचा, मीटरला पाऊण ग्रॅम क्रियाशील घटक, म्हणजे बाजारातल्या बाटलीतलं साधारण 3 मिलिलिटर. आठ मीटरच्या झाडाला झालं 24. ते पाण्यात मिसळून बुंध्याभोवती पाडलेल्या 25-30 भोकांत, 15 जुलै ते 15 ऑगस्टच्या दरम्यान, पावसाची उघडीप बघून ओतायचं. झाड दहा वर्षांच्या वरचं आणि धडधाकट हवं, रोगटाला द्यायचं नाही. आणि त्याआधी खताची पूर्ण मात्रा, कारण जे झाड जास्त फळ देणार ते जास्त खाणारच.

आमच्याकडे झालं काय? बागा खंडाने दिल्या जातात. खंड घेणाऱ्याचा हिशेब दोन-तीन हंगामांचा, झाडाचं आयुष्य त्याच्या वहीत नाही. लवकर आंबा काढला तर पहिल्या पेटीला सोन्याचा भाव, म्हणून 24 च्या जागी पन्नास-साठ. व्यास मोजायला टेप नाही, नुसता डोळ्याचा अंदाज. शेणखताला पैसे नाहीत. चार वर्षांनी फांदीची पेरं इतकी आखूड होतात की पालवी झाडूच्या बुडख्यासारखी गुच्छाने येते, मग शेंडे मरतात. मालक मुंबईला, दर वर्षी मे महिन्यात येतो, पेटी घेऊन जातो आणि झाड वाळल्यावर विद्यापीठाच्या नावाने बोटं मोडतो. विद्यापीठाला बोल लावायचाच तर एवढा लावता येईल की औषध घराघरांत पोचलं त्या वेगाने त्याची पथ्यं पोचवली नाहीत. हा बोल खरा आहे. ‘बागा वाळवल्या’ हा नाही.

विद्यार्थ्यांचं थोडक्यात. एमपीएससीला बसतात, बसू देत, कृषी खात्यात कुणीतरी शिकलेला हवाच की! उद्यानविद्येच्या शेवटच्या वर्षाला ही मुलं एक सत्र गावात राहून काढतात. आमच्या वाडीत चौघी राहिल्या होत्या. दोघी देशावरच्या. काजू झाडावर नेमका कसा लागतो हे त्यांनी पहिल्यांदा आमच्याकडे पाहिलं, आणि बोंडूच्या खाली बी लोंबते हे बघून त्या मनापासून हसल्या. त्यांनी बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा बुरशीवरचा लेप, करून दाखवली. चुन्याची निवळी आधी की मोरचूद आधी यावर आमच्या तात्यांनी त्यांच्याशी वाद घातला. शेवटी दोन्ही द्रावणं वेगवेगळ्या बादल्यांत करून एकदम तिसऱ्या बादलीत ओतली. त्यात खिळा बुडवून बघायचा, तांबूस चढला तर अजून चुना. हे तात्यांनी आता आपलंच म्हणून सगळ्या वाडीला शिकवलंय.

आता माझे राग.

आंब्याची रत्ना ही जात 1981 ची, नीलम आणि हापूसचा संकर, आत साका (गर आतून खराब होणं) नाही, दरवर्षी धरणारी. सिंधू 1992 ची, कोय पातळशी. दोन्ही फळं मी खाल्लीत, वाईट नाहीत. पण बाजार हापूस मागतो आणि पेटीवर ‘रत्ना’ लिहिलं की दलाल तोंड वाकडं करतो. नवी जात काढणं म्हणजे निम्मंच काम. त्या फळाला गिऱ्हाईक मिळवून द्यायला कोण बसलंय? त्यात फुलकिड्यांनी अलीकडे मोहोराची दैना केलीय. फवारण्यांचा खर्च वाढत चाललाय आणि खात्रीचं वेळापत्रक विचारायला जावं तर ज्या टेबलावर जायचं ते रिकामं. निवृत्त झालेल्यांच्या जागा भरत नाहीत, एक शास्त्रज्ञ तिघांचं काम ओढतो. मेसेज लिहिणाऱ्याने याबद्दल अवाक्षर काढलेलं नाही. आणि उपाय काय सुचवलाय, तर कुलूप.

गेल्या जूनमध्ये सातची पन्नास कलमं हवी होती म्हणून एका सरकारी रोपवाटिकेत गेलो. नोंदणी कधीच संपली होती. पुढच्या वर्षी लवकर या, म्हणाले. येताना रस्त्याकडेच्या नर्सरीत मिळाली. प्रत्येक पिशवीला ‘वेंगुर्ला 7’ अशी चिठ्ठी. मातृवृक्ष, म्हणजे ज्यांच्या काड्या घेतल्या ती झाडं, कुठे आहेत विचारलं तर माणसाने हाताने डोंगराकडे दाखवलं. लावलीत. सातच आहेत का, ते तिसऱ्या वर्षी बी हातात आली की तराजूवर घालून बघेन.