चारशेचं शून्य व्हायला किती वेळ लागतो: निपाणीच्या सरांना उत्तर

सर, नमस्कार.

‘कॉन्ट्रा’ या जुन्या टीव्ही गेमवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होणं मला बरं वाटेना, म्हणून सवडीनं लिहितोय. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं आधी सांगतो. तुम्ही निपाणीत हायस्कुलात विज्ञान शिकवत होता. सीमाभागात मराठी शाळांचे वर्ग रिकामे होत असताना, ज्याला मराठी लिहिता येतं त्यानं जपानी कार्टून आणि टीव्ही गेमवर रात्री जागवाव्यात हा तुम्हाला पोरखेळ वाटतो. ही माहिती इंग्रजीत ढिगानं पडलेली आहे, तिचं भाषांतर कशाला, असं तुम्ही विचारलंत. आम्ही टीव्ही गेममध्ये घालून खेळलो त्या कॅसेटी चोरीच्या नकला होत्या, त्यांचं कौतुक कसलं, हेही विचारलंत. आणि ‘फुंकर मारली की कॅसेट चालायची’ हे माझं वाक्य चूक आहे, असं बजावलंत.

फुंकरीपासून सुरुवात करतो, कारण तिथं तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. कॅसेट चालायची ती काढून पुन्हा बसवल्यामुळे. तिच्या कडेच्या साठ बारीक धातूच्या पट्ट्या मशीनच्या सॉकेटमध्ये नव्यानं घासल्या जायच्या, कुठंतरी सुटलेला संपर्क जुळायचा, आणि श्रेय मिळायचं फुंकरीला. उलट तोंडातल्या वाफेनं त्या पट्ट्या गंजतात. माझ्याकडच्या तीन कॅसेटींच्या पट्ट्यांवर हिरवट डाग आहेत, ते आमच्याच फुंकरींचे असणार. लेखातलं वाक्य काल रात्री दुरुस्त केलं आणि खाली तुमच्या प्रतिक्रियेचा उल्लेख केला.

आता इंग्रजीचं. सर, इथं मात्र मला तुमच्याशी वाद घालायचा आहे, आणि तो तुमच्याच विषयातला, मोजमापाचा आहे.

निन्टेन्डो कंपनीचा फॅमिकॉम, म्हणजे आमच्या टीव्ही गेमचं मूळ मशीन, जपानमध्ये १५ जुलै १९८३ ला विक्रीला आला. त्यावरचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ सप्टेंबर १९८५ चा. जपानचा टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र रंगवायचा आणि त्या काळचे खेळ त्या ठोक्यावर चालायचे. एक चित्र रंगलं की खेळ एक पाऊल पुढं. आपल्याकडं दूरदर्शनची पद्धत पाल, म्हणजे सेकंदाला ५० चित्रं. मग साठ पावलांना आपल्याकडं एक सेकंद नाही, एक पूर्णांक दोन सेकंद लागणार.

हे कागदावरचं गणित झालं. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत मी ते मोजून बघितलं. बेळगावात वडगावच्या आमच्या घरी माझा जुना टीव्ही गेम अजून चालतो. मारिओच्या पहिल्या राऊंडला वरच्या कोपऱ्यात टाइम ४०० दिसतो. तो आकडा दर २४ चित्रांनी एकानं उतरतो. सुरुवातीच्या जागेवर मारिओला नुसता उभा ठेवला तर त्याच्या अंगावर कुणी येत नाही, वेळ संपल्यावरच तो मरतो. मी बटणाला हात न लावता स्टॉपवॉच घेऊन बसलो. ६० च्या हिशेबानं ४०० चं शून्य व्हायला २ मिनिटं ४० सेकंद लागायला हवेत. माझ्या मशीनवर ३ मिनिटं १२ सेकंद लागले. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा तेच. माझी आई भाजी निवडत शेजारी बसली होती. ती म्हणाली, “खेळूलायस की नुसता बघूलायस?”

म्हणजे सर, जपानमधल्या पोराला जी उडी मारायला मिळाली त्यापेक्षा आम्हाला मिळालेली उडी सावकाश होती. पुढं कॉलेजात संगणकावर मारिओ पहिल्यांदा मूळ वेगानं चालताना पाहिला तेव्हा कुणीतरी टेप पळवतंय असं वाटलं होतं. त्याचं कारण मला कितीतरी वर्षांनी कळलं.

अजून एक गंमत आहे, आणि ती तुम्हाला आवडेल. निन्टेन्डोनं युरोपसाठी काढलेलं मशीनही ५० वर चालायचं. पण त्यातल्या प्रोसेसरचं घड्याळही मंद होतं, जपानच्या १.७९ मेगाहर्ट्झऐवजी १.६६. सूर त्या घड्याळावर अवलंबून असल्यामुळे, ज्या खेळात वेगळी सोय केली नव्हती तिथं चाल मंद व्हायची आणि सूरही उतरायचा. माझं मशीन उघडलं तर आत तैवानच्या यूएमसी कंपनीच्या चिपा निघाल्या. त्या जोडीचं घड्याळ १.७७ चं. म्हणून आमच्याकडं मारिओच्या गाण्याची लय मंद झाली, पण सूर जवळजवळ मूळचाच राहिला. कोजी कोन्दोनं बांधलेली ती चाल आमच्या कानात बसली आहे ती अशी: पट्टी जपानची, लय आपल्या टीव्हीची.

हे इंग्रजीत नाही का? अर्धं आहे. रशियात १९९२ पासून ‘डेंडी’ नावाची अशीच तैवानी नक्कल विकली गेली. तिथल्या पोरांनी मोठं झाल्यावर आपलं मशीन उघडलं, मोजलं, लिहून ठेवलं. आज संगणकावर जुने खेळ चालवणाऱ्या कितीतरी इम्युलेटरांत जपान-अमेरिका, युरोप आणि तिसरा पर्याय ‘डेंडी’ असतो. माझं मशीन त्या तिसऱ्या पर्यायाशी तंतोतंत जुळतं. आमचा खेळ आमच्या वेगानं बघायचा असेल तर मला रशियन नाव निवडावं लागतं. त्यांचं मशीन आमच्यापेक्षा वेगळं नव्हतं. त्यांनी लिहिलं, आम्ही लिहिलं नाही. सर, मी भाषांतर करत नाही. बेळगावच्या खडेबाजारात, गणपत गल्लीत, निपाणीच्या बाजारात काय विकलं गेलं, ते कसं चालायचं, हे मूळ लिहायचं कामच अजून बाकी आहे.

‘कॉन्ट्रा’चंच बघा. कोनामी कंपनीनं १९८८ मध्ये जपानसाठी काढलेल्या कॅसेटीत बर्फाच्या राऊंडला खरंच हिमवर्षाव होतो, जंगलात झाडं डुलतात. अमेरिकेच्या कॅसेटीत ते काढून टाकलं. माझ्या कॅसेटीचा आकार जपानी, पट्ट्या साठ (अमेरिकेच्या कॅसेटीला बहात्तर), पण बर्फ पडत नाही. म्हणजे अमेरिकेचा खेळ कुणीतरी जपानी आकाराच्या कॅसेटीत भरला आणि तो आमच्या गल्लीत पोचला. असल्या प्रवासाची नोंद कुठल्या कंपनीच्या कागदावर सापडणार? ती कॅसेट हातात घेऊनच करावी लागते.

चोरीबद्दल: होय, त्या नकलाच होत्या. मी ते झाकलेलं नाही आणि समर्थनही करत नाही. माझ्या पानांवर एकही खेळ उतरवून घ्यायला ठेवलेला नाही, ठेवणारही नाही. पण नक्कल होती म्हणून ती घडलीच नाही असं कसं लिहू?

आता तुमचा मुख्य मुद्दा, मराठीचा. तो मला लागला, कारण मी स्वतः मराठी शाळेत शिकलो आणि माझ्या वर्गात तेव्हा ५२ मुलं होती. तुमची काळजी माझीही आहे. पण आमचा टीव्ही गेम कसा चालायचा ते ऐका. यंत्रमागाच्या घरात एका खोलीत टीव्ही, तासाला पाच रुपये, दोन रिमोट आणि नऊ-दहा पोरं. शेजारचे माग एकदम सुरू झाले की व्होल्टेज पडायचं आणि चित्र थरथरायचं. एक ओरडायचा “माझा चान्स!”, दुसरा तेच कन्नडात ओरडायचा “नंद चान्स!”, आणि दोघांना एकमेकांचं कळायचं. कॉन्ट्रात ३० जीव मिळवायचा कोड, वर वर, खाली खाली, डावी उजवी, डावी उजवी, बी, ए, आम्ही मराठीत पाठ केला आणि कन्नड मित्रांनी कन्नडात. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून या भागाबद्दल जे काही लिहिलं गेलं त्यात ही खोली आलेली माझ्या वाचनात नाही. ती मराठीत यावी असं मला मनापासून वाटतं.

गेल्या पावसाळ्यात खानापूर तालुक्यातल्या एका अकरावीच्या मुलानं मला विचारलं होतं, कॉन्ट्रात गर्दी झाली की गोळ्या लुकलुकतात का? मी त्याला लिहिलं की ते मशीन पडद्यावर एकूण ६४ हलती चित्रं धरू शकतं, पण एका आडव्या रेषेवर फक्त आठ. नववं आलं की ते दिसेनासं होतं. म्हणून खेळ लिहिणारे दर वेळी वेगळ्याला गाळतात. सगळी आळीपाळीनं दिसतात आणि आपल्याला ती लुकलुकल्यासारखी वाटतात. त्यानं पुढं विचारलं, आठच का? मग स्मृती आणि वेळ यांवर आमचा चार दिवस पत्रव्यवहार चालला, सगळा मराठीत. तो इंग्रजी माध्यमात शिकतो. तुम्ही वर्गात हेच करत होता ना सर?

जपानी कार्टूनबद्दल थोडंच लिहितो. रविवारी सकाळी दूरदर्शनवर लागायचं ते ‘जंगल बुक’ जपानच्या निप्पॉन अ‍ॅनिमेशननं केलेलं, १९८९ चं, ५२ भागांचं. मूळ गोष्ट मुंबईत जन्मलेल्या किपलिंगची. हिंदीत गुलजारांचे शब्द, विशाल भारद्वाजांची चाल, आणि शेरखानच्या तोंडी नाना पाटेकरांचा आवाज. तुमच्या वर्गातली पोरंही सोमवारी तेच गात आली असतील. ‘रामायण: द लेजंड ऑफ प्रिन्स राम’ हा युगो साको आणि राम मोहन यांचा १९९२ चा चित्रपट जपानी आणि भारतीय चित्रकारांनी मिळून केला. जानेवारी २०२५ मध्ये तो आपल्याकडं थिएटरांत लागला तेव्हा मी आईला घेऊन गेलो होतो. याला परकं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पण तुमचा नातू डोरेमॉन बघून घरात हिंदी बोलतो, हे तुम्ही लिहिलंत त्यावर माझ्याकडं उत्तर नाही. माझ्या भाचीचंही तेच आहे. ती कार्टून आमच्या घरी मराठीत लागायला हवी होती आणि लागत नाहीत, हे दुःखच आहे. मी एवढंच करतो की तिच्यासोबत बसून बघतो आणि नोबिताच्या टेबलाच्या खणात काय आहे ते तिला मराठीत सांगायला लावतो. टाइम मशीनला ती ‘वेळेची होडी’ म्हणते.

रात्री जागवण्याबद्दल एक सांगायचं राहिलं. मी हे आधी एकदा लिहिलं होतं, २००४ च्या सुमारास, एका फुकटच्या सेवेवर. ती बंद पडली. घरच्या सीडीवर काही पानं उरली होती, पण ती तेव्हाच्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये. तो फॉन्ट नाही तर सगळी इंग्रजी अक्षरांची रद्दी दिसते. त्यात टीव्ही गेम भाड्यानं देणाऱ्या एका काकांची मी घेतलेली मुलाखत होती. ते आता नाहीत. जुन्या फॉन्टचा तक्ता शोधून मी एकेक अक्षर जुळवतोय, निम्मी मुलाखत वाचता यायला लागली आहे.

शेवटी तुमच्या प्रतिक्रियेतली एक ओळ. मुलाचा टीव्ही गेम माळ्यावर पत्र्याच्या पेटीत आहे, या दिवाळीत भंगारात घालणार, असं तुम्ही लिहिलंय. सर, कृपा करून घालू नका. जुना अडॅप्टर लावून बघू नका. फॅमिकॉमच्या मूळ अडॅप्टरला मधली पिन ऋण असायची, नकलांमध्ये काही उलट असत, आणि चुकीचा लावला तर चिप जळते. मशीन आणि कॅसेटी कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवा. मी दर महिन्याला मावशीकडं निपाणीला येतो. तुम्ही हो म्हणालात तर येत्या रविवारी स्क्रू-ड्रायव्हर, मल्टीमीटर, पट्ट्या पुसायचं अल्कोहोल आणि माझा अडॅप्टर घेऊन येईन. नातवालाही बसवू. मारिओला उभा करून चारशेचं शून्य किती वेळात होतं ते तुम्ही मोजा. ३ मिनिटं १२ सेकंद आले तर तुमच्या मुलाचं मशीन माझ्या यादीत निपाणीची पहिली नोंद होईल. २ मिनिटं ४० आले तर माझा वरचा अर्धा लेख मला नव्यानं लिहावा लागेल, आणि मी तो लिहीन.