वय झालंय म्हणू नका, कान तपासा
आज पुन्हा तोच फॉरवर्ड आला. 'रोज शब्दकोडं सोडवा, स्मृतिभ्रंश दूर ठेवा.' खाली जोडलेल्या हातांची आणि 'खूप छान माहिती'ची रांग. सकाळपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय.

माझी काकू आयुष्यभर शब्दकोडी सोडवत आली. पेनाने, खाडाखोड न करता. साठीनंतर तिला ऐकू कमी यायला लागलं. आधी ती 'काय म्हणालात?' असं विचारायची. मग विचारणं सोडलं, नुसती हसायची. मग चौघांत येऊन बसणंच सोडलं. कोडं घेऊन खोलीत एकटी असायची आणि घरातले कौतुकाने म्हणायचे, बघा, डोकं कसं शाबूत आहे! कानांचं नाव कुणी काढलं नाही. 'वय झालं, चालायचंच.'

हे 'चालायचंच' मला आता ऐकवत नाही.

लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचा (डिमेन्शियाचा) धोका वाढवणारी, टाळता येण्यासारखी १४ कारणं मांडली. त्यांवर आयुष्यभर काम झालं, तर डिमेन्शियाचे सुमारे ४५ टक्के रुग्ण टळू शकतील किंवा आजार लांबेल, असा त्यांचा अंदाज आहे. रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, दारू, नैराश्य, एकटेपणा, डोक्याला मार, हे सगळं त्यात आहे. आणि सगळ्यांत वर कोण? वाईट कोलेस्टेरॉल आणि कमी झालेली श्रवणशक्ती. म्हणजे काकूचे कान! आणि त्या कानांपायी आलेला एकटेपणा, तोही यादीत. निम्म्याहून जास्त भाग आपल्या हातात नाही, मान्य. काकूला पुढे स्मृतिभ्रंश झाला तो कानांमुळेच, असंही कुणी सांगू शकणार नाही. पण साधी तपासणीसुद्धा करायची नाही?

शब्दकोड्यांशी माझं वैर नाही, सोडवा की. राग याचा येतो की सगळा भार त्या एकट्या माणसावर टाकून बाकीचे मोकळे होतात. वायुप्रदूषण त्याच यादीत आहे. हवा कुणी घरी गाळून घेणार आहे का? लहानपणी शाळा सुटणं त्यात आहे. सातवीतून काढलेल्या मुलीला सत्तराव्या वर्षी कोडं देऊन काय होणार? चालायला धड रस्ता नाही आणि सल्ला मात्र 'रोज चाला'. ही सरकारांची कामं आहेत, आणि तीही 'चालायचंच' म्हणूनच पडून राहतात.

आणि चाळिशी-पन्नाशीतल्या मित्रमैत्रिणींनो, हे आई-बाबांपुरतं नाही. अल्झायमरमध्ये, म्हणजे डिमेन्शियाच्या सगळ्यांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात, मेंदूतले बदल लक्षणं दिसायच्या १५-२० वर्षं आधीच सुरू झालेले असतात. रक्तदाब आत्ता मोजायचा, त्रास व्हायची वाट बघत नाही बसायचं.

लिहिता लिहिता राग ओसरला. काकू आठवतेय. शेवटी शेवटी तिच्या कानाशी तोंड नेऊन, सावकाश बोललं की ती उत्तर द्यायची, कधी चुकीचं, पण द्यायची. तेवढ्या वेळापुरती ती परत आमच्यात असायची.

घरात कुणी टीव्हीचा आवाज वाढवत असेल, फोनवर बोलायला टाळत असेल, तर याच आठवड्यात कान तपासून घ्या. यंत्र लागलं तर पहिले काही आठवडे नकोसं वाटतं, भांड्यांचा आवाजही अंगावर येतो. त्यांनी ते काढून ड्रॉवरमध्ये टाकलं तर चिडू नका. पुन्हा ऑडिओलॉजिस्टकडे (श्रवणतज्ज्ञाकडे) न्या, आवाज जुळवून घ्या, आणि त्या दिवसांत त्यांच्याशी भरपूर बोला.