‘तीन दिवसांत आपोआप बरी होते’ हे खरं नाही

सोलापुरातल्या प्राणिप्रेमींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय : कुत्रीची नसबंदी म्हणजे किरकोळ ऑपरेशन, तीन दिवसांत ती आपोआप बरी होते. मलूल पडली तर ती भुलेची गुंगी समजा. टाके चाटत असेल तर चाटू द्या, लाळेत औषध असतं. जखमेला हळद लावा. दुखत असेल तर घरातली तापाची गोळी अर्धी द्या, जेवत नसेल तर दूध पाजा. आणि शेवटी : एवढं करूनही त्रास झाला, तर मुळात ऑपरेशनच करायला नको होतं.

आमच्या काळी नावाच्या कुत्रीला याच ऑपरेशननंतर पोटात रक्तस्राव झाला होता. त्याच रात्री तिचं पोट पुन्हा उघडलं म्हणून ती वाचली. त्यामुळे या मेसेजला उत्तर देणं मला भाग आहे.

आधी ‘किरकोळ’ या शब्दाबद्दल. नराच्या नसबंदीत पोट उघडावं लागत नाही. मादीचं पोट उघडून अंडाशय आणि बहुतेक वेळा गर्भपिशवीही काढतात, आणि तिकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या दोऱ्यानं बांधतात. रोज होणारं ऑपरेशन आहे, बहुतेक कुत्र्या त्यातून नीट बऱ्या होतात, हे मान्य. पण आत बांधलेली एखादी गाठ सैल झाली तर रक्त पोटातच साठत जातं. बाहेर पट्टीवर डागसुद्धा दिसत नाही.

म्हणूनच ‘गुंगी समजा’ हा सल्ला मला सगळ्यांत घातक वाटतो. भूल उतरताना कुत्री झोपाळते, झोकांड्या खाते, कण्हते. पण तासातासानं ती सुधारत गेली पाहिजे. आधी मान उचलली, शेपूट हलवली आणि मग पुन्हा ढेपाळली, तर ती गुंगी धरून बसू नका. अशा वेळी तिचा ओठ वर करून हिरडी बघा. हिरडी गुलाबी आणि ओलसर हवी. बोटानं दाबली की ती पांढरी पडते आणि बोट काढल्यावर दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. काळीच्या हिरड्या जन्मापासून काळ्या, तिथं रंग कळेना. मग तिची खालची पापणी अलगद खाली ओढली. आतला भाग कागदासारखा पांढरा होता. पाय गार, श्वास भराभर, पोट ताणल्यासारखं. तपासताना डॉक्टरांनी पोटात सुई घालून पाहिली तर रक्तच आलं. ही सगळी लक्षणं दिसेपर्यंत वाट बघायची नसते. पांढरी हिरडी एवढं एकच कारण रिक्षा बोलवायला पुरेसं आहे. असा रक्तस्राव बहुतेक वेळा पहिल्या दिवस-दोन दिवसांत होतो, म्हणून पहिल्या रात्री घरातल्या कुणीतरी तिच्याजवळ झोपावं. खाली रंगीत चादर घालू नका. जुनं पांढरं धोतर किंवा फिकट टॉवेल अंथरा, म्हणजे रक्ताचा थेंब लगेच नजरेस पडतो.

आपल्याकडं आणखी एक गोष्ट आहे, गोचीड. गोचिडातून येणाऱ्या तापात रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट कमी होतात, आणि कुत्री वरून ठणठणीत दिसत असली तरी ऑपरेशनमध्ये रक्त थांबत नाही. म्हणून ऑपरेशनआधी रक्त तपासून घ्या. डॉक्टर तपासणी सुचवतात तेव्हा ‘उगाच खर्च’ म्हणून ती टाळू नका.

उन्हाचंही तसंच. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेला की आपण कुत्र्याला ओल्या पोत्यावर नाहीतर कूलरसमोर झोपवतो. ऑपरेशनच्या दिवशी हे करू नका. भुलेमुळे शरीराचं तापमान उतरतं, शिवाय टाके कोरडे राहायला हवेत. सावलीची, हवा खेळती राहील अशी कोरडी जागा पुरते. पुढं ताप आला तर थर्मामीटरनंच ओळखायचा. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं, हाताला ती आपल्यापेक्षा गरमच लागते.

आता चाटण्याचं. लाळेत जंतूंना थोडाफार अटकाव करणारे घटक असतात, एवढं खरं. पण त्याच तोंडात जंतूही असतात. शिवाय जीभ जखमेवर सारखी घासत राहते आणि पुढचे दात टाका सहज उपटतात. वरची कातडी उसवली तर ते दिसतं तरी. आतला स्नायूंचा थर सुटला तर आतडं बाहेर येऊ शकतं. तसं झालंच तर ते हातानं आत ढकलू नका. मेडिकलमधून नॉर्मल सलाईनची बाटली आणा, स्वच्छ कापड त्यात भिजवून वर ठेवा, तिचं तोंड तिथं पोचणार नाही असं बघा, खायला-प्यायला काही न देता तडक दवाखाना गाठा. हे टाळायचं असेल तर गळ्यातला प्लास्टिकचा कोन टाके निघेपर्यंत, म्हणजे साधारण 10 ते 14 दिवस, राहू द्या. ती भिंतीला धडकते, केविलवाणी बघते, आपला जीव तुटतो. तरी काढू नका. तितके दिवस जिना, उड्या, मोकळं धावणंही बंद. टाक्याखाली मऊ, न दुखणारी फुगवटी आली तर बऱ्याचदा ते नुसतं पाणी असतं आणि जिरून जातं. पण फुगवटी गरम, लाल, दुखरी असेल किंवा पू येत असेल तर दाखवायलाच हवी.

हळद नको. डब्यातली हळद निर्जंतुक नसते, आणि तिच्या पिवळ्या थराखाली जखमेचा रंग दिसत नाही.

गोळीबद्दल मात्र हात जोडून सांगते : माणसांची एकही गोळी मनानं देऊ नका. तापाची गोळी म्हणजे पॅरासिटामॉल, तिचं प्रमाण जास्त झालं तर कुत्र्याच्या यकृताला इजा होते. आयब्युप्रोफेन या वेदनाशामकानं पोटात व्रण पडू शकतात, किडनी निकामी होऊ शकते. कॉम्बिफ्लॅममध्ये तर दोन्ही असतात. डॉक्टरांनी बहुधा मेलॉक्सिकॅमसारखं वेदनाशामक वजनाप्रमाणं दिलेलंच असतं, त्यावर ही गोळी पडली की धोका आणखी वाढतो. दुखणं कमी होत नसेल तर फोन करून डोस विचारा. चुकून गोळी दिली गेलीच असेल तर लाजू नका, नाव आणि वेळ डॉक्टरांना सांगा.

दूध बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना पचत नाही, जुलाब होतात. मीठ, कांदा, लसूण न घालता शिजवलेलं चिकन आणि मऊ भात थोडा थोडा द्या. शेंगाचटणी लावलेली भाकरी तिला कितीही आवडत असली तरी नको, त्यात लसूण असतो. शी दोन दिवस झाली नाही तर घाबरू नका, पोट रिकामंच असतं. लघवीकडं मात्र लक्ष ठेवा. ऑपरेशनमध्ये क्वचित किडनीकडून येणारी नळी बांधली जाते किंवा तिला इजा होते. दिवसभरात लघवी झाली नाही, उलट्या सुरू झाल्या, पोटाला हात लावू देत नाही, असं असेल तर दुसरा दिवस उजाडायची वाट बघू नका.

राहिला शेवटचा मुद्दा, ‘ऑपरेशनच करायला नको होतं’. काळीचं एवढं होऊनही मी हे मानत नाही. नसबंदी न केलेल्या कुत्रीच्या गर्भपिशवीत वय वाढेल तसा पू होण्याचा धोका वाढतो. माजावर येऊन गेल्यानंतरच्या आठवड्यांत ती सुस्तावते, पाणी भरपूर पिते, आणि मग तेच ऑपरेशन आजारी शरीरावर, पूनं भरलेली पिशवी न फुटू देता करावं लागतं. ‘एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत’ यानं तिच्या तब्येतीला काहीही फायदा होत नाही. ऑपरेशन करा, पण दवाखान्यातून निघण्याआधी डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा : रात्री दोन वाजता तिच्या हिरड्या पांढऱ्या पडल्या तर मी फोन कुणाला करू? तो नंबर कागदावर लिहून घ्या आणि घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये टाका.